पाचवी तार

कुंडेगाव, जि. बीड
९ जुलै २००२

ती. अप्पांस,

नमस्कार लिहावा की नाही यावर थोडा वेळ गेला. लिहिला आहे असे समजावे.

हे पत्र घरगुती नाही. मी १ जूनपासून इथल्या नगरपालिकेत कंत्राटी पर्यावरण अभियंता म्हणून काम करते, हे तुम्हाला छबुबाईंकडून कळले असेलच. नेमणुकीचे गाव मी मागितले नव्हते. राज्यातल्या काही लहान पालिका या कामासाठी निवडल्या, त्यात कुंडेगाव होते आणि यादीत माझे नाव त्याच्यासमोर आले. वच्छलाबाईंच्या माडीवर खोली घेतली आहे. तिथून आपल्या घाण्यापर्यंत चारशे मीटर आहेत. तरीही मी हे पत्र पोस्टाने पाठवते आहे, कारण तीन वर्षांत तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत आणि ओट्यावर उभी राहून मला उत्तर मिळणार नाही. पोस्टाने निदान कागद तरी आत जाईल.

काम असे आहे. कोळसा, डिझेल, रॉकेल, लाकूड जाळले की जे वायू हवेत जातात ते उष्णता अडवून धरतात. त्यांना हरितगृह वायू म्हणतात. गावाने आधी मोजायचे की आपण एका वर्षात किती सोडतो. मग किती कमी करायचे ते ठरवायचे, कशाने कमी होईल ते लिहायचे, सभेत मंजूर करायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचे. आपल्या गावात विजेचा दिवा पेटला की त्याचा धूर परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतो. एका युनिटला साधारण ९०० ग्रॅम. म्हणून वीजसुद्धा मोजायची.

पालिकेत हे कुणाला समजावणे सोपे नाही. पहिल्याच आठवड्यात दोन नगरसेवक आले आणि म्हणाले, "म्याडम, हरितगृहाचं अनुदान आलंय म्हणं. गुलाब लावायचाय आमाला. किती टक्के हाय?" मी सांगितले की ते हरितगृह वेगळे. ते म्हणाले, "मंग आमचं कावून न्हाई?" आणि अर्ज ठेवून गेले. असे नऊ अर्ज माझ्या टेबलावर आहेत.

गावातल्या प्रत्येक उद्योगाकडून मला १ एप्रिल २००१ ते ३१ मार्च २००२ या वर्षाचे तीन आकडे हवे आहेत: वीज किती युनिट, डिझेल किती लिटर, गाळप किती क्विंटल. सोबत छापील प्रश्नावली आहे. आपल्या घाण्याचे भरून पाठवावे. इतर सत्तावीस जणांनाही हीच पाठवली आहे.

आईला सांगावे की मी डबा लावला आहे.

रुद्राणी


कुंडेगाव
२८ जुलै २००२

ती. अप्पांस,

पोस्टकार्ड मिळाले. अठ्ठावीस जणांपैकी उत्तर देणारे तुम्ही पहिले. मायना नव्हता, पण आकडे स्वच्छ होते: वीज ४१०० युनिट, डिझेल ३०० लिटर, गाळप ४२० क्विंटल, खाली तुमची सही. आभारी आहे.

मात्र हिशोब जुळत नाही.

मी आठवीत असताना तुम्ही मला घाण्याचे मीटर वाचायला शिकवले होते. करडई घालण्याआधी एकदा आणि पेंड काढल्यावर एकदा. महिनाभर मी वहीत लिहिले आणि शेवटी तुम्ही म्हणालात, "बघ, क्विंटलला बावीस युनिट. घाणा खोटं बोलत न्हाई." मोटारी त्याच आहेत. ४२० क्विंटलला ९२४० युनिट लागायला हवेत. बिलाचे ४१००. इंजिनाच्या एका लिटरमागे तीन युनिटांचे काम धरले तर ३०० लिटरचे ९००. दोन्ही मिळून ५०००. उरलेले ४२४० युनिट कुठून आले ते कळत नाही.

गाळप कमी असेल तर तसे कळवावे. किंवा डिझेल जास्त असेल. मी कुणालाही दाखवलेले नाही. माझ्या तक्त्यात तुमच्या ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे, इतकेच.

छबुबाई आपली आणि वच्छलाबाईंची अशा दोन्ही गल्ल्या झाडतात. काल त्या खराट्यावर हात ठेवून खाली उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, तुमचं पत्र अप्पानं तीनदा वाचलं. मंग मला म्हणले, इतकी शिकून पोरगी तेल्याला डिझेल इचारती." मी विचारले, रागाने म्हणाले का? त्या म्हणाल्या, "ते मला कसं कळंल? अप्पाचं त्वांड हसताना बी तसंच असतंय."

त्या डबाही घेऊन आल्या होत्या. मागच्या पत्रात मी डबा लावल्याचे लिहिले होते, तो निरोप आईपर्यंत पोचलेला दिसत नाही. किंवा पोचला आहे.

रुद्राणी


कुंडेगाव
३ सप्टेंबर २००२

ती. अप्पांस,

ऑगस्टभर उत्तर आले नाही. आता उत्तराची गरज उरलेली नाही. का, ते क्रमाने लिहिते.

उद्योगांचे आकडे येईनात म्हणून मी दिवाबत्ती विभागाला एक परिपत्रक काढले. वाक्य असे होते: "प्रत्येक वॉर्डातील विजेचे आकडे वायरमनने प्रत्यक्ष पाहणी करून, कुणाचीही भीडभाड न ठेवता, अचूक सादर करावेत." मला हवी होती दिव्यांची संख्या आणि वॅट. वाक्य मीच लिहिले, दोनदा वाचले आणि त्यात मला काही खटकले नाही. औरंगाबादला सहा वर्षे काढली की असे होते.

वायरमन सिदू पन्नाशीचा आहे, तुम्ही त्याला ओळखता. काल तो फुलस्केपचे बारा कागद घेऊन आला. सुंदर अक्षर. रकाने आखलेले: अनुक्रमांक, नाव, खांब क्रमांक, वायर किती फूट, किती वर्षांपासून. शेवटी बेरीज, २१४.

मी म्हटले, "सिदू, हे काय आहे?"

"आकडे, म्याडम."

"कसले?"

"तारंवर टाकलेले. इजंचे आकडे. तुमीच म्हणलात, भीडभाड ठिवू नगा. न्हाई ठिवली. एक नंबरला म्या सोताच हाय, बघा."

खरेच होता. पहिली ओळ: सिदू, खांब ३१, वायर चाळीस फूट, सहा वर्षे. शेवटच्या कागदावर तळाशी लिहिले होते, "अध्यक्षसाहेबांच्या बंगल्यामागील आकडा वरिष्ठांना विचारून लिहिण्यात येईल."

मला हसू आले. ऑफिसात मी हसत नाही, त्यामुळे सिदू घाबरला. म्हणाला, "चुकलं का काय?" मी म्हटले, चूक माझी आहे, तुझे काम उत्तम झाले आहे. ते खरेही आहे. पालिकेत तीन महिन्यांत मला मिळालेला हा एकमेव कागद आहे ज्यात कुणी काही लपवलेले नाही.

सातव्या ओळीत तुमचे नाव आहे. खांब ४४, वायर अठरा फूट, चार वर्षे.

म्हणजे बेचाळीसशे चाळीस युनिट.

मी ती यादी आवक बारनिशीत नोंदवलेली नाही. माझ्या पिशवीत ठेवली आहे. पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह पुसले आहे. त्या जागी काय लिहायचे ते ठरलेले नाही.

रुद्राणी


कुंडेगाव
२८ सप्टेंबर २००२

ती. अप्पांस,

हे पत्र लांब होईल. शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

रस्त्याच्या खांबांवर पाच तारा आहेत. तीन फेजच्या, चौथी न्यूट्रल आणि पाचवी फक्त रस्त्यावरच्या दिव्यांची. बाकीच्या तारांवरच्या जोडण्यांना वीज मंडळाचे मीटर असते. पाचवीला नसते. ट्यूब मोजून पालिकेवर आकारणी होते. म्हणून आकडे तिच्यावर टाकतात. पालिकेची तार म्हणजे आपलीच, असे लोक मानतात.

पालिकेच्या कारभारातून वर्षाला ८८६ टन वायू निघतो. नदीवरचे दोन पंप ४८६ टन, दिवे ३६०, ट्रॅक्टर आणि टँकर ४०. दिव्यांचे ३६० मला फार वाटले, म्हणून पाहिले, तर आपल्या गावचे ९२० दिवे दिवसासुद्धा चालू असतात. उन्हात ते दिसत नाहीत. मी सिदूला विचारले, सकाळी बंद का करत नाही? तो म्हणाला, "बटनं व्हती. नगरसेवकांनी डायरेक्ट करून घ्यायला लावली. दिवसा तार मेली तर लोकांचे पंखे मरतेत, म्याडम. पंखे मेले की मतं मरतेत."

दिवसाच्या दिव्यांचे १७१ टन होतात. एकूणच्या १९.३ टक्के. एका पैशाचेही यंत्र न आणता, फक्त बटण परत बसवून एवढे कमी होते. मी आराखड्यात पाच वर्षांत वीस टक्के घट लिहिली आहे. बटणे आणि पंपाच्या दोन गळक्या झडपा, एवढ्यात ते होते. पण बटण बसवायचे तर दिवसा पाचवी तार मरणार आणि २१४ आकडे उघडे पडणार.

नगरसेवकांना झाडे हवी आहेत. "झाडं लावा, कारबन खाऊन टाकतेत, इषय संपला." मी गुणाकार करून दाखवला: १७१ टनांसाठी पूर्ण वाढलेली साडेआठ हजार झाडे. पालिकेने गेल्या वर्षी पाचशे लावली, त्यातली जगलेली एकेचाळीस मी स्वतः मोजली आहेत. एक म्हणाला, "म्याडम, तुमी लई मोजता."

आता जे लिहायचे आहे ते. यादी नावांची आहे आणि आराखड्याला नावे लागत नाहीत, विजेचा प्रवाह लागतो. म्हणून मी टोंग टेस्टर आणला. तो चिमट्यासारखा तारेभोवती धरला की तारेतून किती अँपिअर जातात ते कळते. बाजारपेठेच्या ट्रान्सफॉर्मरवर चौसष्ट ट्यूब आहेत. पाचव्या तारेवर २६ अँपिअर असायला हवेत. ७१ होते. मी आठ दिवस तिथे खुर्ची टाकून बसले आणि दर पंधरा मिनिटांनी लिहिले.

जास्तीच्या ४५ मधले १८ अँपिअर एकदम चढतात आणि एकदम उतरतात. म्हणजे ती एकच मोटर आहे. सकाळी नऊला चढतात. एकला उतरतात. तीनला पुन्हा चढतात, पाचच्या आत उतरतात. सोमवारी मात्र अकराला चढतात, कारण सोमवारी तुम्ही महादेवाच्या देवळातून उशिरा येता. बुधवारी दुपारी मध्येच दहा मिनिटे उतरले होते. तेव्हा पट्टा सुटला असणार. तुम्ही दोनदा पट्टा चढवता आणि तिसऱ्यांदा शिव्या देता.

तीन वर्षांत तुम्ही उठता कधी, बसता कधी, हे मला माहीत नव्हते. आता पंधरा मिनिटांच्या अचूकतेने माहीत आहे.

यादीची बातमी बाहेर गेली. सिदूनेच सांगितली, अभिमानाने. अध्यक्ष विजयसिंह यांनी परवा मला केबिनमध्ये बोलावले. चहा मागवला.

"रुद्राणी बेटा, यादी लई बेस केलीस म्हणं. दे की जरा."

मी म्हटले, ती आराखड्याचा भाग नाही.

"आराखडा करू की मंजूर. बटनं बी बसवू. फकस्त पयलं चार वॉर्डातले आकडे काढू, मंग बघू पुढचं."

ते चार वॉर्ड कोणाचे ते मी त्यांना विचारले नाही. विरोधी नगरसेवकांचे आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

तेच पुढे म्हणाले, "अप्पाचं नाव हाय त्यात, माहीताय मला. गावात मान हाय त्यांचा. मठाच्या कमिटीवर हायेत. ते नाव खोडू आपण. माझ्या बंगल्यामागचं तर सिदूनं लिवलंच न्हाई. झालं का न्हाई बरूबर?"

बावीस ऑक्टोबरला सर्वसाधारण सभा आहे. त्याआधी यादी त्यांच्या टेबलावर आली तर आराखडा मंजूर, तुमचे नाव नाही आणि एकशे काही घरांवर पोलीस केस. नाही आली तर आराखडा बासनात, आणि अध्यक्ष तुमच्यापासून सुरुवात करतील. खांब ४४ त्यांनाही दिसतो.

मी तुमचा सल्ला मागत नाही. तुमच्याबद्दल काही ठरवताना तुम्हाला न सांगता ठरवायचे नाही, म्हणून कळवते आहे. पूर्वी एकदा तसे केले होते.

रुद्राणी


कुंडेगाव
१२ ऑक्टोबर २००२

ती. अप्पांस,

गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी, ३ तारखेला, नऊला अठरा अँपिअर चढले नाहीत.

सव्वानऊला नाहीत, साडेनऊला नाहीत. भारनियमन नव्हते, बाकीची तार जिवंत होती. मी दहापर्यंत थांबले. मग वही खुर्चीवर ठेवून गल्लीच्या तोंडापर्यंत आले. रक्तदाबाचा त्रास तुम्हाला आहे, गोळ्या तुम्ही चुकवता. घाण्याचा आवाज येत होता, पण एकाचाच. दुसरा बंद. ओट्यावर कुणी नव्हते. मी आत आले नाही. पाच मिनिटे उभी होते.

छबुबाई कोपऱ्यावर भेटल्या. मी विचारायच्या आत म्हणाल्या, "काई झालं न्हाई अप्पाला. सकाळीच काठी घेऊन बाहीर आले, सोताच्या हातानं आकडा काढला अन् वायर गुंडाळून ठिवली. वैनी म्हणल्या, अवो घाणा? तर म्हणले, एक चालंल. ती बसलीय तितं मोजत."

मी परत जाऊन दहा वाजताच्या नोंदीत ५३ लिहिले. पंधरा मिनिटे उशिरा घेतलेली नोंद, असा शेराही मारला.

तुम्ही काढलात तो माझ्यावरच्या रागाने काढलात की कशाने, हे मला कळलेले नाही. मोजण्यासारखे ते नाही.

यादीचे काय केले ते लिहिते. अध्यक्षांना मी सांगितले की त्या कागदांना आवक क्रमांक नाही, आणि आवक क्रमांक नसलेला कागद कार्यालयात नसतो. ते म्हणाले, "लई हुशार झालीस." यादी मी सिदूला परत दिली. त्याला वाईट वाटले, इतके सुंदर अक्षर वाया गेले म्हणून. आराखड्यात आता फक्त ट्रान्सफॉर्मरनिहाय अँपिअर आहेत. एकही नाव नाही. उपाय असा लिहिला आहे: अकराही वॉर्डांत एकाच दिवशी बटणे बसवायची, त्याआधी एक महिना मुदत, त्या महिन्यात प्रत्येक वॉर्डात मीटरच्या अर्जांचे शिबिर, मुदतीत आकडा काढेल त्याच्यावर केस नाही.

अडचण वेगळीच आहे. परवा अनौपचारिक बैठकीत मी हा उपाय वाचला तर अकराच्या अकरा नगरसेवक म्हणाले, "आमच्या वॉर्डात एक बी आकडा न्हाई." मग मुदत कशाला, शिबिर कशाला, कलम काढून टाका. अध्यक्षही म्हणाले, काढा. गावात २१४ आकडे आहेत आणि ते नाहीत. जे नाही ते कमी करता येत नाही. कलम गेले की वीस टक्क्यांतले एकोणीस गेले. उरतात झडपा आणि एकेचाळीस झाडे.

सभेत कुणी तरी एकाने आकडा होता असे म्हटले तर कलम राहील. मी कुणाला सांगणार? सिदू म्हणाला, "म्या म्हणतो की." पण त्याची नोकरी आहे.

हे मी तुम्हाला सुचवत नाही. तसे वाटले तर ती वाक्यरचनेची चूक समजावी.

आणखी एक, या विषयाशी संबंध नसलेले. १६ मे १९९९ ला नांदूरघाटची मंडळी साखरपुड्याला आली तेव्हा मी आतून बाहेर आले नाही आणि तुम्ही चाळीस माणसांसमोर उभे राहिलात. नकार देणे चूक होते असे मला आजही वाटत नाही. पण माझे २४ एप्रिललाच ठरले होते. बावीस दिवस मी तुम्हाला सांगितले नाही. तुम्ही मांडववाल्याकडे जात होतात तेही मी आपल्या माडीवरून पाहत होते. सांगितले असते तर तुम्ही ऐकले नसते, असे मी मानून चालले. ते मी तपासले नव्हते.

रुद्राणी


कुंडेगाव
३० ऑक्टोबर २००२

ती. अप्पांस,

सभेत तुम्ही होतात आणि परवा खिडकीवरही होतात, त्यामुळे यातले बहुतेक तुम्हाला माहीत आहे. तरीही माझ्या बाजूने लिहिते. तुम्ही उठून उभे राहिलात तेव्हा मी टेबलाखाली पेन शोधत होते. पेन पडले नव्हते.

नागरिकांच्या बाकावर तुम्ही आलात ते मला दिसले होते. पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, हातात टोपी. विषय क्रमांक नऊ आला, मी अँपिअर वाचले, आणि पेठेतले नगरसेवक म्हणाले, "अध्यक्ष महोदय, हे यंत्र बिघडलेलं हाय. आमच्या वॉर्डात आकडा न्हाईच."

तुम्ही म्हणालात, "यंत्र बरूबर हाय."

अध्यक्ष म्हणाले, "अप्पा, नागरिकांना बोलता येत न्हाई सभेत."

"मंग लिवून घ्या. खांब चव्वेचाळीस. अठरा फूट वायर. चार वर्सं व्हता माझा आकडा. तीन तारखेला काढला. दोन घाण्यातला एक बंद हाय माझा तवापासून, इचारा कुणाला बी."

कुणी तरी मागून म्हटले, "अप्पा, मठाच्या कमिटीवरचा माणूस अन् आकडा?" आणि हशा झाला. तुम्ही वळलात. "हासताय कावून बे? तुझा बी चव्वेचाळीस नंबरच्याच खांबावर हाय. माझ्या आकड्याच्या शेजारीच. सकाळी कुणाचा आधी टाकायचा म्हून आपण भांडलेलो हौत."

त्यानंतर जे हसले ते तुमच्यावर हसले नाहीत. वच्छलाबाई उठून म्हणाल्या, आमचा बी हाय, मीटर मागून दोन वर्सं झाली. मग दाराशी उभा असलेला सिदू हात वर करून म्हणाला, "एक नंबर!" आणि अध्यक्षांना घंटा वाजवावी लागली. इतिवृत्तात हे सगळे एका ओळीत बसले आहे: "उपस्थित नागरिकांनी स्वेच्छेने माहिती दिली." विषय क्रमांक नऊ त्या कलमासह आठविरुद्ध चारने मंजूर झाला. मुदत एक महिना, शिबिर, अकराही वॉर्ड एकाच दिवशी. अध्यक्षांनी बाजूने मत दिले. सभागृहात लोक असले की ते बाजूने देतात. त्यांच्या बंगल्यामागची वायर दुसऱ्या दिवशी गेली, हे सिदूने मला न विचारता सांगितले.

तुमचे ३.८ टन आता आराखड्यात शाईने आहेत. "तेलघाणा, बाजारपेठ" असे लिहिले आहे. यंदापासून पुढे ते तुमच्या स्वतःच्या मीटरवर येतील, म्हणजे गावाच्या बेरजेतून जाणार नाहीत. मोटारी जुन्या आहेत, क्विंटलला बावीस युनिट फार होतात. नव्या मोटारीला सतरा पुरतील. हा अभियंत्याचा सल्ला आहे, वाटल्यास घ्यावा.

आता परवाचे.

दुसऱ्या घाण्याच्या मीटरला पालिकेचा ना हरकत दाखला लागतो. तुम्ही खिडकीशी आलात. तीन वर्षे, पाच महिने आणि बारा दिवसांनी तुम्ही मला विचारलेत, "अर्ज कुठं भेटतो?" मी म्हटले, "इथेच. दोन प्रती." हे मी वेगळ्या आवाजात म्हणायला हवे होते. मला तो लगेच सापडला नाही.

तुम्ही बाकावर बसून अर्ज भरलात, परत आलात आणि कागद आत सरकवलात. "वळखीच्या इसमाची सही लागतीय. गावातल्या. कोण आता?"

मी सही केली. खालच्या ओळीत छापलेले होते: अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता? मी पंचवीस लिहिले.

तुम्ही चष्मा वर करून ते वाचलेत. मागे रांगेत सात माणसे होती.

"मधली तीन वजा करायची न्हाईत का?" तुम्ही म्हणालात.

मी म्हटले, अर्जावर खाडाखोड चालत नाही.

तुम्ही मान डोलावून गेलात. नियम तसा आहे, पण मी वजा केली नाहीत ती त्या नियमामुळे नाही. ते तिथे, सात माणसांसमोर, मला बोलता आले नाही.

तुमची,
रुद्राणी